परदेशातली फेलोशिप की पीएच.डी.ची नोंदणी? कोल्हापुरातल्या नवख्या संशोधकांसाठी

पदव्युत्तर शिक्षण संपलं की वर्ष-दीड वर्षात हा पेच बऱ्याच जणांपुढे येतो. परदेशातल्या एखाद्या प्रयोगशाळेतून फेलोशिपचं पत्र येतं आणि त्याच सुमारास विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेशाची यादी लागते. दोन्हीकडे उत्तर द्यायला मोजकेच दिवस असतात. घरचे म्हणतात, "परदेशाची संधी आलीय, विचार कसला करतोस?" सीनियर म्हणतात, "आधी रजिस्ट्रेशन कर, चांगला गाइड परत मिळत नाही." दोघंही तुमच्या भल्याचंच बोलतात, पण तुमच्या हातातली पत्रं दोघांनीही वाचलेली नसतात.

मी शिवाजी विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं. नोंदणीआधी आलेली एक परदेशी संधी सोडली, कोल्हापुरातच पीएच.डी.ला नाव नोंदवलं आणि पुढे नोंदणीकृत विद्यार्थिनी म्हणून काही महिने परदेशात काम करून आले. त्यामुळे दोन्ही बाजूंचे कागद माझ्या हाताखालून गेले आहेत. माझ्यामागून विभागात आलेल्या मुलामुलींना जे तोंडी सांगत आले, ते इथे क्रमाने लिहिते. उदाहरणं विज्ञान शाखेची जास्त येतील, पण इतिहास, मराठी, अर्थशास्त्र या विषयांच्या मंडळींनाही बहुतेक पायऱ्या तशाच लागू पडतात.

एक गोष्ट आधीच सांगते. "दोन्हींत मोठं काय?" या प्रश्नावर कितीही डोकं चालवलं तरी हाती काही लागत नाही. "दोन्हींपैकी काय थांबू शकतं आणि काय थांबणार नाही?" असं विचारा. पुढच्या पायऱ्या याच प्रश्नाचं उत्तर कागदावर आणण्यासाठी आहेत.

१. हातातलं पत्र नक्की कशाचं आहे ते ओळखा

फेलोशिप या नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची तुलना पीएच.डी.शी सरसकट करता येत नाही.

पहिला प्रकार पदवी न देणाऱ्या फेलोशिपचा. स्विस सरकारच्या एक्सलन्स स्कॉलरशिपमध्ये मास्टर्स झालेल्यांसाठी बारा महिन्यांपर्यंतची रिसर्च स्कॉलरशिप असते. तिथल्या प्राध्यापकाचं पत्र हाती असल्याशिवाय अर्जच करता येत नाही. तुम्ही काम करता, शिकता, शोधनिबंधात नाव येऊ शकतं, पण परत येताना पदवी मिळत नाही.

दुसरा प्रकार भारतात पीएच.डी.ची नोंदणी झालेल्यांसाठीच असतो. अमेरिकेसाठीची फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च फेलोशिप आणि फ्रान्ससाठीची रामन-शारपाक फेलोशिप या अशा आहेत. नोंदणी नसेल तर या दारांपर्यंत तुम्ही पोचतच नाही. ही गोष्ट एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून मुद्दाम ठळकपणे सांगते आहे. आज नोंदणी केली म्हणजे परदेश कायमचा हुकला असं होत नाही. उलट काही दारं नोंदणीनंतरच उघडतात.

तिसरा प्रकार म्हणजे नाव फेलोशिपचं पण प्रत्यक्षात पीएच.डी. युरोपातल्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमधल्या जागा अशा असतात. तिथे तुम्हाला नोकरीचा करार मिळतो आणि बहुतेक ठिकाणी त्याच कामावर डॉक्टरेट होते. जर्मनीतही पीएच.डी.चे विद्यार्थी पुष्कळदा पगारी करारावर असतात. जपानची मेक्स्ट शिष्यवृत्ती मधली म्हणावी लागेल. आधी 'रिसर्च स्टुडंट' म्हणून जायचं, मग तिथल्या विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पास झालात तर डॉक्टरेटला शिरायचं आणि शिष्यवृत्तीची मुदत वाढवून घ्यायची. असं पत्र हातात असेल तर तुमच्यापुढे दोन पीएच.डी. आहेत. मग तुलना गाइडची, विषयाची आणि पैशाची करा.

चौथा प्रकार टाळायचा आहे. पत्रात 'फेलो' म्हटलेलं असतं, पण रक्कम तुम्हीच भरायची असते. 'प्रोसेसिंग फी', 'प्लेसमेंट फी', 'बेंच फी' अशी नावं दिसली की हात आखडा. बेंच फी ही काही प्रतिष्ठित प्रयोगशाळाही घेतात, कारण रसायनं आणि यंत्रांचा खर्च असतोच. पण तो खर्च कुणीतरी पुरस्कृत केलेला असावा. घरचं सोनं मोडून भरण्याची ती गोष्ट नाही.

२. मुदतींचा तक्ता करा

एका कोऱ्या कागदावर डावीकडे गोष्ट आणि उजवीकडे तिची शेवटची तारीख लिहा. माझ्या मते या लेखातली सगळ्यात उपयोगाची पायरी हीच. बहुतेकांचा अर्धा निर्णय हा तक्ता पाहूनच होतो.

नेटचा निकाल: नेट म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) पात्रता परीक्षा. जून २०२४ पासून यूजीसी-नेटमध्ये तीन गट आहेत. पहिल्या गटाला जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, मिळते. दुसऱ्या गटाला सहायक प्राध्यापकपदाची आणि पीएच.डी. प्रवेशाची पात्रता मिळते, तिसऱ्याला फक्त पीएच.डी. प्रवेशाची. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. तुम्ही तिसऱ्या गटात असाल आणि वर्षभराच्या फेलोशिपवर गेलात, तर परत येईपर्यंत ते गुण गेलेले असतात आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागते. दुसऱ्या गटातल्यांची प्राध्यापकपदाची पात्रता राहते, प्रवेशाचे गुण मात्र जातात.

जेआरएफ: अवॉर्ड लेटरवर तिची मुदत छापलेली असते. तेवढ्या काळात नोंदणी करून रुजू व्हावं लागतं. ती तारीख तक्त्यात लाल शाईने लिहा.

पीएच.डी.चा कालावधी: यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, कोर्सवर्क धरून. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर २ वर्षांची सवलत आहे. महिला संशोधकांना संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. नोंदणी झाल्यावर परदेशी गेलात तरी हे घड्याळ चालूच राहतं, हे विसरू नका.

परदेशातल्या अटी: या बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. मारी क्युरी डॉक्टरल जागेसाठी, नेमणुकीच्या आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात तुम्ही १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ राहिलेले किंवा मुख्य काम केलेले नसावे लागते. समजा तुम्ही इटलीला एक वर्षाच्या फेलोशिपवर गेलात, तिथल्यांना काम आवडलं आणि त्यांनी चार महिने वाढवून दिले, तर इटलीतल्याच मारी क्युरी जागेला तुम्ही पुढे काही काळ अपात्र ठरता. अमेरिकेत फुलब्राइटवर गेलात तर परत आल्यावर दोन वर्षं भारतात राहण्याची अट असते. त्याआधी एच-१बी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. ज्याला भारतातच प्राध्यापकी करायची आहे त्याला याचा त्रास नाही. ज्याला लगेच अमेरिकेत नोकरी करायची आहे त्याने आधीच विचार करावा.

वयाची अट: यूजीसी-नेटच्या जेआरएफला खुल्या गटासाठी ३० वर्षांची मर्यादा आहे, महिला आणि आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे. मेक्स्टच्या संशोधन शिष्यवृत्तीला ३५ च्या आत असावं लागतं.

३. माणूस तपासा, संस्था नंतर

देश, विद्यापीठाचं नाव, रँकिंग यांवर लोक रात्री घालवतात आणि ज्याच्या हाताखाली काम करायचं त्याची चौकशी फोनवर पाच मिनिटांत उरकतात. मला हे फार खटकतं, कारण पुढची काही वर्षं तुमची सकाळ कशी उजाडणार हे त्या एका माणसावर ठरतं.

इथल्या गाइडची चौकशी अशी करा. विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात बसा आणि शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात गाइडचं नाव टाका. त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध दिसतील. नोंदणीचं वर्ष आणि पदवीचं वर्ष यांतलं अंतर पाहा. एखाद्याला सात वर्षं लागली तर त्याची घरची अडचण असू शकते, पण सगळ्यांनाच सात लागली असतील तर ती पद्धत आहे. प्रबंधाच्या सुरुवातीच्या आभारात कुणाचा उल्लेख आहे, काम बाहेर कुठल्या यंत्रावर झालं, हेही वाचा. त्यावरून प्रयोगशाळेत काय आहे आणि नमुने घेऊन कुठे कुठे फिरावं लागतं ते कळतं.

मग आत्ता काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना भेटा. विभागात नको, बाहेर चहाला भेटा. "सर कसे आहेत?" असं विचारलंत तर "चांगले आहेत" एवढंच उत्तर येईल. नेमकं विचारा. लिहिलेला मसुदा किती दिवसांत वाचून परत मिळतो? कॉन्फरन्सला पाठवतात का? पहिल्या शोधनिबंधाला किती वेळ लागला? विभागाच्या कामात किती दिवस जातात?

दोन नियम लक्षात ठेवा. एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे जागा खरंच मोकळी आहे का ते विचारा. आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या गाइडला नवीन विद्यार्थी घेता येत नाही. तोंडी आश्वासनावर थांबून राहिलात आणि तेवढ्यात ही सीमा ओलांडली, तर त्यांची इच्छा असूनही ते तुम्हाला घेऊ शकणार नाहीत.

परदेशातल्या प्राध्यापकाला चहाला नेता येत नाही, तेव्हा मेल लिहा. लाजू नका. नम्रपणे विचारलेल्या प्रश्नांनी संधी जात नाही. मी लिहिलेल्या मेलचा मजकूर मराठीत असा होता, तो तुमच्या विषयाप्रमाणे बदलून इंग्रजीत पाठवा:

"आपलं पत्र मिळालं, मनापासून आभार. उत्तर देण्यापूर्वी काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. माझं काम कोणत्या प्रकल्पावर असेल आणि रोजचं मार्गदर्शन कोण करेल? मासिक रक्कम कोणाकडून आणि कोणत्या तारखेपासून मिळेल, आणि त्यातून बेंच फी किंवा विमा वजा होईल का? रुजू होण्याची तारीख सहा महिने पुढे नेता येईल का? तिथे झालेलं काम मला भारतातल्या माझ्या प्रबंधात वापरता येईल का?"

उत्तर कसं येतं त्यावरून बरंच कळतं. प्रकल्पाचं नाव आणि रोज शिकवणाऱ्या पोस्टडॉकचं (पीएच.डी. झालेल्या संशोधकाचं) नाव आलं तर तिथे तुमची जागा खरोखर विचार करून ठेवलेली आहे. "आलात की बघू" असं आलं तर तिथे मनुष्यबळ हवं आहे, विद्यार्थी नको.

चौथा प्रश्न गाळू नका. आकडेवारीची मालकी आणि शोधनिबंधातलं नाव यांवरून परतल्यावर वाद होतात, आणि तोवर हातात काही लेखी नसतं.

४. पैसे आणि बंधपत्र

इथल्या जेआरएफची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि नंतर एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलोशिप) म्हणून ४२,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता वेगळा. कोल्हापुरात राहून, त्यातही घर जवळ असेल तर, या रकमेत नीट भागतं आणि घरी थोडं देताही येतं. हप्ते मात्र दर महिन्याला वेळेवर येतीलच असं धरून चालू नका. तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून सुरुवात करा.

जेआरएफ नसेल तर राज्याच्या संस्थांकडे पाहा. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती यांच्या संशोधन फेलोशिप आहेत. सारथीचं उपकेंद्र कोल्हापुरातच, राजाराम कॉलेजच्या आवारात आहे. या फेलोशिप नोंदणी झालेल्यांना मिळतात आणि जाहिरात कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून नोंदणी करताना "फेलोशिप मिळेलच" असं घरच्यांना सांगू नका, "मिळाली तर बरं" असंच सांगा.

परदेशात पदवी करायची असेल तर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची चौकशी विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात करता येते. सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची परदेश शिष्यवृत्तीही आहे. या दोन्ही पदवीच्या अभ्यासक्रमांसाठी आहेत, बिनपदवीच्या फेलोशिपला त्यांचा उपयोग नाही. बँकांचं शैक्षणिक कर्जही साधारणपणे पदवी-पदविकांनाच मिळतं.

परदेशातल्या रकमेचं रुपयांत रूपांतर करून हुरळून जाऊ नका. तिथलं घरभाडं, आरोग्य विमा आणि प्रवास वजा करून काय उरतं ते पाहा. जर्मनीत विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाला ११,९०४ युरोची सोय दाखवावी लागते, म्हणजे महिन्याला ९९२. तुमची फेलोशिप याच्या आतबाहेर असेल तर तिथे जेमतेम भागेल असं समजा. शिवाय पहिली रक्कम तिथे बँक खातं उघडल्यावरच येते. तिकीट, व्हिसा, घराचं डिपॉझिट आणि पहिल्या महिना-दीड महिन्याचं जेवण हे सगळं तुमच्याच खिशातून जातं.

बंधपत्राबद्दल आपल्याच इतिहासातलं उदाहरण देते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करण्याच्या करारावर त्यांनी सही केली होती. पुढे लंडनला त्यांचा अभ्यास चालू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये तो अर्धा टाकून परतावं लागलं. पण निघण्याआधी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून एक परवानगी मिळवून ठेवली होती, चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची. त्या परवानगीच्या जोरावर, शाहू महाराजांच्या मदतीने आणि स्वतःच्या बचतीवर ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. शंभर वर्षं होऊन गेली तरी शिष्यवृत्तीची मुदत, करारातली नोकरीची अट आणि परत येण्याची परवानगी, या तीनच गोष्टी आजही पत्रात शोधायच्या असतात.

५. कागदपत्रं आत्ताच जमवायला लागा

निर्णय व्हायचा असला तरी हे काम सुरू करा. दोन्ही वाटांना जवळपास हेच कागद लागतात.

- पासपोर्ट. कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही. व्हिसासाठी मात्र पुणे किंवा मुंबई गाठावी लागते.
- सर्व सत्रांची गुणपत्रकं आणि ट्रान्सक्रिप्ट. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून मिळते. चार-पाच प्रती बंद पाकिटात घेऊन ठेवा.
- पदवी प्रमाणपत्र. दीक्षान्त समारंभ झाला नसेल तर प्रोव्हिजनल चालतं का ते परदेशी संस्थेला विचारा.
- नेट किंवा सेटचं (राज्याच्या पात्रता परीक्षेचं) प्रमाणपत्र, जेआरएफचं अवॉर्ड लेटर.
- जात प्रमाणपत्र, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला. नॉन-क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, कोणत्या वर्षाच्या ते दाखल्यावर पाहून घ्या.
- दोन-तीन शिफारसपत्रं. पत्र देणाऱ्याने ती संस्थेच्या ईमेलवरून पाठवायची असतात, जीमेलवरून आलेली पत्रं पुष्कळ ठिकाणी घेत नाहीत.
- संशोधन आराखडा, दोन ते चार पानांचा.
- दुसऱ्या विद्यापीठातून आला असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट.

यात दोन ठिकाणी हमखास अडतं. पहिलं नावाचं. आपल्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर मात्र आडनाव वेगळ्या रकान्यात. परदेशी कारकून गुणपत्रकावरचं पहिलं नाव तेच तुमचं नाव समजतो आणि पत्र 'प्रिय पाटील' म्हणून येतं. तेवढ्याने बिघडत नाही, पण त्याच उलट क्रमाने अवॉर्ड लेटर निघालं तर व्हिसाला अडतं. म्हणून पहिल्याच मेलमध्ये पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिहून "सर्व कागदांवर असंच हवं" असं कळवा. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनी गॅझेट किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवावं. वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये दहावी आणि एम.एस्सी.च्या कागदांत फरक असेल तर तो आजच दुरुस्तीला टाका.

दुसरं लॅमिनेशनचं. घरच्यांनी प्रेमाने पदवीचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणलेलं असतं. अपोस्टिलचा, म्हणजे परदेशात कागद मान्य व्हावा म्हणून होणाऱ्या सरकारी साक्षांकनाचा, स्टिकर आणि शिक्का मूळ कागदावर बसतो, प्लास्टिकवर नाही. मूळ कागद फाइलमध्येच राहू द्या.

६. नोंदणी करून मग जायचं असेल तर

हा मधला मार्ग आहे आणि माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाचा, पण तो क्रमाने करावा लागतो.

आधी कोर्सवर्क संपवा. २०२२ च्या नियमांत ते किमान १२ क्रेडिटचं आहे. ते अर्धं ठेवून गेलात तर परतल्यावर नव्या बॅचबरोबर बसावं लागतं. विषयाला मान्यता मिळू द्या, आणि एखादा छोटा निकाल तरी हातात येऊ द्या. परदेशी यजमानाला दाखवायला तोच उपयोगी पडतो.

मग परवानगीचा अर्ज. त्यात जाण्याची आणि परतण्याची तारीख, खर्च कोण करणार, तिथलं काम प्रबंधाच्या कोणत्या प्रकरणात जाणार आणि या काळात इथली फेलोशिप चालू राहणार की थांबणार, हे चार मुद्दे असू द्या. एकाच काळासाठी दोन फेलोशिप घेता येत नाहीत. हे आधी लिहून दिलं नाही तर नंतर वसुलीचं पत्र येऊ शकतं. अर्ज गाइडच्या सहीने विभागप्रमुखांकडे आणि तिथून पुढे विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाकडे जातो. प्रत्येक टेबलावर अर्जाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तेवढ्यासाठी दहा मिनिटं उभं राहावं लागलं तरी राहा. "ठेवून जा, बघतो" यावर विसंबून निघालात तर महिन्याने विचारायला कागदच हातात नसतो. माझी एक फाइल एका कार्यालयात बरेच दिवस सापडत नव्हती, आवक क्रमांक होता म्हणून ती त्याच दुपारी निघाली.

संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला प्रगती मांडावी लागते. बाहेर असताना ती ऑनलाइन मांडता येईल का, हे अर्जातच विचारून घ्या.

७. आता निर्णय

इथवरच्या पायऱ्या झाल्या असतील तर तुम्ही पुढच्यांपैकी एका गटात बसाल. ही माझी मतं आहेत, पण विचार करून बनलेली.

जेआरएफ आहे आणि चौकशीत उतरलेला गाइड तयार आहे: नोंदणी करा. परदेशी फेलोशिप पुढे ढकलता येते का विचारा, नाही म्हणाले तर सोडा. नोंदणीकृत विद्यार्थ्यासाठीच्या संधी दरवर्षी येतात. जेआरएफ आणि चांगला गाइड हा योग दरवर्षी येत नाही.

जेआरएफ नाही, गाइड मिळेल तो घ्यायचा अशी परिस्थिती आहे, आणि परदेशातून पूर्ण खर्चाची, नेमक्या प्रकल्पाची फेलोशिप आली आहे: जा. वर्षभरात तुम्हाला संशोधन आवडतं का हे कळेल, आणि हे पाच वर्षांच्या नोंदणीआधी कळणं फार मोलाचं आहे. नेट पुन्हा द्यावी लागेल हे धरून पुस्तकं सोबत न्या.

परदेशातलं पत्र प्रत्यक्षात पीएच.डी.चंच आहे: गाइड तपासा, मुदत तपासा आणि बिनदिक्कत जा. परत येऊन इथे प्राध्यापकी करायची असेल तर परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी यूजीसीची एप्रिल २०२५ ची नियमावली जाण्यापूर्वी वाचा.

सध्या तासिका तत्त्वावर शिकवता आहात आणि कायम नोकरी हेच ध्येय आहे: १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट किंवा सेट ही किमान पात्रता पुरते, पीएच.डी. ऐच्छिक आहे. पण उमेदवारांची छाननी होते तेव्हा आणि पुढे बढतीला पीएच.डी.चं वजन पडतंच. अशांना बिनपदवीच्या फेलोशिपपेक्षा नोंदणीचा फायदा जास्त. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी.चीही सोय आहे, त्यासाठी संस्थेचं ना हरकत पत्र लागतं.

मुलींसाठी थोडं वेगळं सांगायचं आहे. घरी "रजिस्ट्रेशन झालं की स्थळं बघू" किंवा "परदेशी गेली तर लग्नाचं काय?" हे बोलणं चालू असतं आणि त्याच्या दडपणाखाली निर्णय होतो. वर लिहिलेली जादा दोन वर्षं आणि २४० दिवसांची रजा हे तुमचे हक्क आहेत. नियमावलीचं ते पान छापून घरी दाखवा. माझ्या वडिलांशी माझं बोलणं सगळ्यात शांतपणे झालं ते मुदतींचा तक्ता पुढ्यात ठेवल्यावर. मुलगी हट्ट करत नाही, हिशोब मांडते आहे, हे त्यांना तारखांवरून दिसलं. मग त्यांनीच विचारलं, "मग ही लाल शाईची तारीख हुकली तर?"

८. होकार आणि नकार, याच क्रमाने

आधी जे निवडलं ते पक्कं करा. पीएच.डी. असेल तर फी भरून पावती घ्या, फेलोशिप असेल तर सही केलेलं अंतिम अवॉर्ड लेटर हाती येऊ द्या. फक्त "अभिनंदन" असा मेल पुरेसा नाही. त्यानंतरच दुसरीकडे नकार कळवा, पण मुदतीच्या आत. परदेशी मुदत तिथल्या घड्याळाप्रमाणे असते, तेव्हा दोन दिवस हाताशी ठेवून पाठवा.

नकाराचं पत्र चार ओळींचं असावं. आभार, निर्णय, एका वाक्यात कारण, आणि पुढे नोंदणीकृत विद्यार्थी म्हणून येण्याची इच्छा असेल तर तसा उल्लेख. उत्तर न देता गप्प बसू नका. तुमच्या मागच्या प्रतीक्षा यादीत कुणीतरी तुमच्यासारखंच वाट पाहत असतं, आणि त्या प्राध्यापकाला पुढच्या वर्षी तुमच्याच विभागातलं दुसरं कुणी पत्र लिहिणार असतं. इथल्या गाइडना नकार द्यायचा असेल तर मेलवर भागवू नका, विभागात जाऊन समोर बसून सांगा आणि लेखी प्रत नंतर द्या. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज वेगळा असतो. तो दिल्याशिवाय जागा मोकळी होत नाही आणि फीच्या परताव्याची मुदतही त्याच अर्जाच्या तारखेपासून मोजतात.